मशीन निदान कारण तरी सांगतं

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण आपल्या वाचनालयाच्या पैशांचा विषय आहे, म्हणून सवडीने वाचा.

वाचनालयात पाच कॉम्प्युटर आहेत. चार दहा-बारा वर्षांचे, आणि एक देणगीत आलेला, त्याहूनही म्हातारा. पोरं त्यावर अर्ज भरतात, बायोडाटा टाइप करतात. ग्रंथपाल मॅडम पुस्तकांच्या नोंदी आणि वार्षिक अहवाल करतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. मशीन बंद पडली नाहीत, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला नवा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. आपलं एकही मशीन त्यात बसत नाही.

दुकानदाराने कोटेशन दिलं. पाच नवी मशीन आणि वर ऑफिसचं लायसन्स मिळून आकडा दोन लाखांच्या पुढे. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "यंदाची पुस्तकखरेदी थांबवू." मी म्हटलं, वाचनालयाने पुस्तकं घ्यायची नाहीत तर काय करायचं? लिनक्स टाकू, त्यावर लिबरऑफिस चालतं, दोन्ही फुकट. ठराव झाला आणि काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मी काही कॉम्प्युटरवाला नाही. घरच्या लॅपटॉपवर पाचेक वर्षं लिनक्स वापरतोय, एवढंच. सोबतीला अकरावीतला एक चुणचुणीत पोरगा होता.

आम्ही झुबुंटू घेतली. ही उबुंटूचीच हलकी आवृत्ती, त्यातही मिनिमल घेतली. मिनिमलमध्ये ऑफिस नसतं, ते वेगळं टाकावं लागतं. अर्ध्या तासाचं काम, असं मी बैठकीत सांगितलं होतं. तीन रविवार गेले. का गेले ते सविस्तर सांगतो, कारण उद्या तुमच्या संस्थेवर हीच वेळ येईल.

पहिल्या मशीनवर आज्ञा दिली, सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबरऑफिस. लगेच उत्तर आलं की लॉक मिळत नाही, दुसऱ्या प्रोसेसने धरून ठेवलाय. पोराने मोबाइलवर शोधलं. कुणीतरी लिहिलं होतं, लॉकची फाइल उडवा. तो टाइपही करायला लागला होता. मी म्हटलं, थांब, आधी पूर्ण वाच. त्याच ओळीत पुढे लिहिलं होतं की लॉक अनअटेंडेड-अपग्रेड्सने धरलाय. म्हणजे नवीन सिस्टीम नेट मिळताच स्वतःहून सुरक्षेचे अपडेट उतरवत होती. अशा वेळी लॉक उडवला तर दोन कामं एकाच वहीत एकदम लिहायला लागतात, आणि वही खराब होते. आम्ही चहा घेऊन आलो. वीस मिनिटांनी तीच आज्ञा बिनबोभाट चालली.

दुसऱ्या मशीनवर इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली. आल्यावर सगळंच अडलं. मेसेज असा की डीपीकेजीचं काम मध्येच तुटलंय, तुम्ही सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए ही आज्ञा द्या. बघा, नुसती तक्रार केली नाही, इलाजही लिहून दिला. तो केला. मग सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल दिलं, तेव्हा अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी झाली.

तिसऱ्यावर पोराला घाई झाली. त्याने लिबरऑफिसच्या साइटवरून थेट नवी आवृत्ती उतरवली. पण तिथे लिनक्ससाठी दोन प्रकार असतात, डेब आणि आरपीएम. उबुंटू-डेबियनच्या घराण्याला डेब लागतं, फेडोराच्या घराण्याला आरपीएम. त्याने आरपीएम आणलं, ते उघडेना. पुन्हा डेब आणलं, बसलं. पण मी तोवर ॲप्टमधूनही टाकलेलं होतं, त्यामुळे मेनूमध्ये दोन-दोन रायटर दिसायला लागले आणि मॅडम विचारायला लागल्या की यातला खरा कुठला. एक काढला. आमचा नियम आता ठरलाय: सिस्टीमच्या भांडारात जी आवृत्ती आहे तीच घ्यायची. ती थोडी जुनी असेल, पण तिचे अपडेट बाकीच्या सिस्टीमबरोबर आपोआप येतात.

चौथ्यावर चूक माझी. पुन्हा सगळी सेटिंग्ज कोण करणार, म्हणून घरच्या लॅपटॉपवरचं लिबरऑफिसचं सेटिंग्जचं फोल्डर पेनड्राइव्हवरून तिथे टाकलं. रायटर उघडताना चित्र दिसायचं आणि गायब. तीनदा काढून टाकलं, तीनदा पुन्हा बसवलं, काही फरक नाही. फरक पडणार कसा? प्रोग्रॅम काढला तरी वापरणाऱ्याची सेटिंग्ज होम फोल्डरमध्ये तशीच राहतात. डॉट-कॉन्फिगच्या आत लिबरऑफिस नावाचं फोल्डर असतं, त्याचं नाव बदललं. पुढच्या वेळी प्रोग्रॅमने नवं फोल्डर तयार केलं आणि सुरळीत सुरू झाला. सेफ मोडमध्ये चालवून पाहिलं असतं तर हे दोन मिनिटांत कळलं असतं. मी दोन तास घालवले.

पाचवं, म्हातारं मशीन ३२-बिटचं निघालं. ३२-बिट लिनक्ससाठी लिबरऑफिसच्या साइटवरची तयार फाइल २०१९ पासून बंद आहे आणि उबुंटूनेही ते मशीन कधीच सोडलंय. त्यावर डेबियन १२ टाकलं, त्याच्या भांडारातलं लिबरऑफिस अजून बसतं. हळू चालतं, पण ग्रंथसूची शोधायला पुरतं.

मराठीचं एक वेगळं. मराठी मेनूसाठी लिबरऑफिस-एल१०एन-एमआर हे पॅकेज टाकलं. मग ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'समोर मराठी निवडलं. हे बहुतेक जण करत नाहीत. तिथे हिंदी राहिलं तर मजकूर उमटतो, पण सॉफ्टवेअर त्याला हिंदी समजतं. मराठी निवडल्यावर, फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. मॅडम म्हणाल्या, "आता कसं आपलं वाटतंय." तीन रविवारांतला तेवढा एक क्षण निवांत गेला.

आता मुख्य गोष्ट.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गानुसार अनुदान मिळतं. त्यासाठी माहिती वेळेत जावी लागते. संबंधित कार्यालयाकडून माहितीचा नमुना ईमेलने आला. उघडला तर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तरी म्हणत होतो, लिनक्स नको."

खरं तर लिनक्सचा त्यात काडीचा दोष नव्हता. नमुना जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये होता. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. आपल्याला 'क' दिसतो, फाइलमध्ये मात्र भलतंच चिन्ह असतं. तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही हाच कचरा दिसतो. मॅडमच्या भावाच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर उघडून दाखवलं, तेव्हा मंडळी गप्प झाली.

कार्यालयाला फोन केला. मग दुसरी फाइल आली, या वेळी युनिकोडमध्ये, पण मंगल फॉन्टमध्ये. मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट, लिनक्सबरोबर येत नाही. त्याच्या जागी दुसरा लागला, ओळी थोड्या पसरल्या, तीन पानांचा नमुना चार पानांचा झाला आणि अध्यक्षांची सही एकटीच चौथ्या पानावर गेली. आम्ही भरून पाठवला. चार दिवसांनी फोन आला, "नमुन्यात नाही, परत पाठवा."

काय नमुन्यात नाही? "तुम्हीच बघा." लेखी द्याल का? "लेखी कशाला, सांगितलं ना."

तेव्हा मला ते तीन रविवार आठवले. पाच मशीन आमच्याशी भांडली, पण बहुतेक प्रत्येकाने काय अडलंय, कुणामुळे अडलंय आणि पुढे काय करा, हे लिहून दिलं. आम्ही चुकलो ते न वाचल्यामुळे. इथे वाचायलाच काही नव्हतं.

शेवटी मी स्वतः गेलो. टेबलावरचे गृहस्थ भले निघाले. त्यांनी हळूच सांगितलं की तो जुना फॉन्ट पूर्ण कार्यालयात एकाच मशीनवर आहे. ते मशीन बिघडलं तर मागच्या कितीतरी वर्षांच्या फाइली त्यांनाही वाचता येणार नाहीत. आम्ही अंतरं जुळवून तीन पानांत बसवलेली पीडीएफ दिली. त्यांनी ती स्वीकारली, पोचही दिली. शेवटच्या तारखेला काम झालं. चौथ्या पानावरच्या एका सहीपायी वाचनालयाचं अनुदान लटकलं होतं, मंडळी.

यात नवीन कायदा कुणी मागत नाही. भारतीय भाषांसाठी युनिकोड हे ई-गव्हर्नन्सचं मानक ठरून पंधरा वर्षं उलटली. २०१० मध्ये केंद्राचं खुल्या मानकांचं धोरण आलं, २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचं. लिबरऑफिसचा ओडीएफ हा फाइल-प्रकार २००६ पासून आयएसओचं मानक आहे. केरळात सरकारी शाळांमधली पोरं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. कागदावर सगळं आहे, टेबलावर पोचलेलं नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत मी तीन गोष्टींचा ठराव मांडणार आहे. एक, आपल्या ग्रामपंचायतीचे आणि संस्थांचे सगळे नमुने युनिकोडमध्येच असावेत. दोन, जो नमुना भरून मागायचा तो कुठल्याही मशीनवर सारखा दिसेल असा, म्हणजे भरता येणारी पीडीएफ किंवा ओडीएफ, द्यावा. तीन, अर्ज परत करायचा तर कारण एका ओळीत का होईना, पण लेखी द्यावं. वरच्या कार्यालयांनाही हाच ठराव पाठवू. पटत असेल तर सभेला या. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होण्याची आपली परंपरा या वेळी मोडूया.

पुस्तकखरेदी झाली. नवी पुस्तकं कपाटात लागली आहेत, येऊन बघा. आणि कुणाकडे टाकून द्यायला काढलेलं जुनं मशीन असेल तर भंगारात घालू नका. दर रविवारी दहा ते बारा मी आणि तो पोरगा वाचनालयात बसतो. आधी त्यातल्या फाइलींची कॉपी काढून ठेवा, मग मशीन घेऊन या. आणि स्क्रीनवर काही मेसेज येत असेल तर उडवू नका, तसाच फोटो काढून आणा. अर्धं काम तिथेच होतं.