दमयंतीचे बिऱ्हाड

जागेच्या बाबतीत मला कोणी फसवू शकणार नाही, असा माझा अनेक वर्षे समज होता. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसांत वाढलेल्या गृहस्थाला फूट आणि इंच कोणी शिकवायचे! पण हा समज एका कासवाने पार धुळीला मिळवला.

हे कासव चिरंजीवांच्या आठव्या वाढदिवसाला घरात आले. तेव्हा ते माझ्या घड्याळाच्या तबकडीएवढे होते. हिरवी पाठ, डोळ्यांमागे तांबडा पट्टा आणि चेहऱ्यावर पेन्शनराचे गांभीर्य. दुकानदाराने सोबत प्लॅस्टिकचे एक घमेले दिले आणि वर आश्वासन दिले, "साहेब, भांडे जेवढे, तेवढेच हे वाढते."

ठाण्याच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकात राहणाऱ्या माणसाला याहून गोड वाक्य कोणते? अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आमचे दादा नेहमी म्हणत. ते तंतोतंत पाळणारा प्राणी मी प्रथमच पाहत होतो. आम्ही त्याचे नाव दामू ठेवले.

दोन वर्षांत दामूची पाठ १० सेंटिमीटर झाली. घमेल्यात त्याला वळायचे तर आधी विचार करावा लागे. एके दिवशी चिरंजीव म्हणाले, "बाबा, याची पाठ कडेला मऊ लागते." सौ.ने तत्काळ डॉक्टरांकडे नेण्याचा हुकूम सोडला.

डॉक्टरांनी दामूला उलटेसुलटे पाहिले आणि माझ्याकडे असे पाहिले, की मीच पाठ आत ओढून घ्यावी. "भांड्याएवढे वाढते ही थाप आहे," ते म्हणाले. "भांडे लहान असले तर ते फक्त आजारी पडते." पाठ टणक राहायला ऊन हवे, आणि तेही खिडकीच्या काचेतून आलेले नको, नाहीतर तसला खास दिवा हवा. अंग कोरडे करायला पाण्याबाहेर बैठक हवी. चुकून उताणे झाले तर पुन्हा सुलटे होता यावे इतके खोल पाणी हवे. आणि जागा? ढोबळ हिशेब असा, की पाठीच्या दर सेंटिमीटरला १५ लिटर पाणी.

"म्हणजे १५० लिटर," मी घाईने म्हणालो.

"आज. नराची पुढची नखे लांबलचक असतात. याची आखूड आहेत. हा दामू नव्हे. मादी २५ सेंटिमीटरपर्यंत सहज जाते, आणि नीट सांभाळली तर तीस वर्षे जगते."

अशा रीतीने दामूची दमयंती झाली, आणि तिच्या बिऱ्हाडाचा आकडा ३७५ लिटरवर गेला. आमचे घमेले आठ लिटरचे होते.

त्या रात्री मुले झोपल्यावर मी हळूच म्हणालो, "अगं, मासुंदा तलाव केवढा मोठा आहे!"

"अहो, काहीतरीच काय!" सौ. म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना? ही मूळची मिसिसिपीच्या खोऱ्यातली. जगभर तळ्यांत सोडून सोडून लोकांनी हिला उपद्रवी जातींच्या यादीत नेऊन बसवलंय. आणि त्या पोराला काय सांगणार?"

मी गप्प बसलो. पोराला सांगण्याजोगे माझ्याजवळ काही नव्हते.

टाकी ठरली चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. दीड फूट पाणी भरले की ३४० लिटर. म्हणजे पाण्याचेच ३४० किलो, काच आणि लोखंडी घोडा वेगळा. गॅलरीत ठेवायचे नाव काढू नका, असे इमारतीच्या अभियंत्याने बजावले. तुळईवरच्या भिंतीलगत ठेवा म्हणाला. त्या भिंतीशी दादांचे लिहिण्याचे टेबल होते.

दादांना जाऊन सहा वर्षे झाली, तरी आईने त्या टेबलाला कोणाला हात लावू दिला नव्हता. चाळीत असताना त्यांना हवे होते तसले टेबल मांडायला जागा नव्हती. ते त्यांनी या घरात आल्यावर, वयाच्या बासष्टाव्या वर्षी घेतले. आई देवळात गेली असे पाहून मी टेप लावली. बरोब्बर चार बाय दोन. मागे वळलो तो आई दारात उभी.

ती काहीच बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिने खण स्वतः रिकामा केला. चष्मा, टाक आणि वाण्याच्या जुन्या वह्या आपल्या ट्रंकेत ठेवल्या. "खालच्या मजल्यावरची पोर दहावीला आहे. जमिनीवर बसून लिहिते. तिला द्या," म्हणाली.

टाकी आली. दमयंतीला आत सोडले, आणि सगळे घर भोवती जमले. बाईसाहेब दोन दिवस एका कोपऱ्यात बसून राहिल्या. नेमक्या घमेल्याएवढ्याच जागेत. चिरंजीव रडकुंडीला आले. मी खर्चाचा विचार करीत होतो.

"राहू दे तिला," आई म्हणाली. "चाळ सोडून इथे आलो तेव्हा मीसुद्धा महिनाभर स्वयंपाकघरातच बसत होते."

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनेच आम्हाला हाक मारली. दमयंती दुसऱ्या टोकाला पोहोचली होती. चारही पाय अगदी लांब पसरून ती पाण्यात नुसती तरंगत होती.