ओतूरहून सायकलवर

ओतूर हे जुन्नर तालुक्यातले, कल्याण-नगर महामार्गावरचे मोठे गाव. बहुतेक वाचकांनी ते माळशेज घाटाकडे जाताना गाडीच्या काचेतून पाहिले असेल. कांद्याच्या गोण्या, उसाच्या ट्रॉल्या, चहाच्या टपऱ्या, आणि संपले गाव. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेत तांदळाच्या पिंडी पाहायला आलेल्यांना मांडवी नदीही आठवत असेल. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी इथलीच. आम्ही हा मुलूख सायकलवरून पाहिला. आम्ही म्हणजे नवरा-बायको, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. थंडीतल्या सुट्टीच्या दिवशी फजरची नमाज आटोपून, उजाडले की निघायचे आणि अस्रच्या आत परतायचे, असा आमचा शिरस्ता आहे.

सायकलवाल्याने आधी इथल्या नद्या समजून घ्याव्यात. उत्तरेकडून मांडवी, पुष्पावती, कुकडी, मीना आणि घोड. सगळ्या सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे वाहतात आणि शेवटी घोड नदीवाटे भीमेला मिळतात. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची एकेक रांग, सह्याद्रीची पसरलेली बोटेच जणू. त्यामुळे नदीच्या कडेने जाणारा रस्ता बहुतेक सपाट असतो, मुलांना झेपतो. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे म्हटले की खिंड आलीच, आणि खिंड आली की पोटऱ्या बोलू लागतात. घरातली लहान मंडळी बरोबर असतील तर खोऱ्याचा रस्ता धरावा. दम पाहायचा असेल तर खिंडीचा.

पहिला रस्ता सर्वांना ठाऊक असलेला, महामार्गाने पश्चिमेला. उदापूर, डिंगोरे मागे टाकून पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्यापर्यंत. पुढे मढ, खुबी फाटा, तिथून खिरेश्वर, आणि डोळ्यांसमोर हरिश्चंद्रगडाची भिंत. देखावा उत्तम आहे, पण आम्ही तो कुणाला सुचवत नाही. कल्याणकडे जाणारे ट्रक कोपराला वारा देत जातात. पावसाळ्यात मुंबईकडच्या गाड्यांची रीघ असते आणि घाटात दरडीही कोसळतात. स्पेनमध्ये सायकलस्वाराला ओलांडताना वाहनाने किमान दीड मीटर अंतर ठेवायचे, असा कायदा आहे. तिथल्या डोंगरपायथ्याच्या छोट्या रस्त्यांवर जगभरातले लोक सायकल चालवायला जातात, त्यामागे हा दीड मीटरही असणार. आपल्याकडे दीड वीत मिळाली तरी अल्हम्दुलिल्लाह म्हणायचे! म्हणून या रस्त्याने जायचेच असेल तर सकाळी लवकर, एकामागे एक, आणि धरणाचे पाणी पाहून परत.

आमचा लाडका रस्ता दुसरा. महामार्गावर थोडे पश्चिमेला जाऊन बनकर फाट्याला डावीकडे वळायचे आणि गणेश खिंडीने जुन्नरला उतरायचे. ओतूर ते जुन्नर हे अंतर विसेक किलोमीटर भरते. खिंडीच्या चढावर मुलगा उतरून सायकल ढकलतो, त्यात कमीपणा काही नाही, आम्हीही ढकलतो. मुलगी मात्र सर्वांत हलका गिअर टाकून, मान खाली घालून, न उतरता वर जाते आणि वर बसून आमची गंमत बघते. खिंडीपलीकडे कुकडीचे खोरे उघडते. लेण्याद्रीचा डोंगर, त्यापुढे जुन्नर आणि शहरावर पाय रोवून उभा असलेला शिवनेरी.

या गावाला वेढून असलेल्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदीव लेणी आहेत. काही लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत यवन दात्यांची नावे आहेत, म्हणजे समुद्रापलीकडून आलेली माणसेही इथे दानधर्म करत होती. जुन्नरला परका माणूस नवा नाही. मलिक अहमदने 1490 मध्ये निजामशाहीची मुहूर्तमेढ रोवली ती याच गावातून. अहमदनगर शहर त्यानंतरचे. पुढे मुघलांनी ते शहर घेतल्यावर मलिक अंबरने काही काळ जुन्नरला राजधानीचा मान दिला. इथिओपियात जन्मलेला, बाजारात गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी मुलगा दख्खनचा कारभारी झाला. त्याची जमीनमहसुलाची पद्धत इतिहासाच्या पुस्तकांत आजही शिकवली जाते. 1626 मध्ये त्याचा इंतकाल झाला. चारच वर्षांनी, 1630 मध्ये, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. गडावर शिवजन्मस्थान आहे, शिवाई देवी आहे, आणि दोन मिनारांना जोडणारी कमान असलेली कमानी मशीदही आहे. सायकली पायथ्याला लावून गड चढावा आणि हे सारे एकाच फेरीत पाहावे. मुलांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

गडावर गर्दी असते. गर्दी नसते ती हापूसबागेत. जुन्नरच्या पूर्वेला, गावापासून सायकलने दहा-पंधरा मिनिटांवर, शेतांच्या मध्ये सौदागर घुमट उभा आहे. चौकोनी दगडी इमारत आणि वर भलामोठा घुमट. जवळच जुन्या महालाचे अवशेष आहेत, त्याला लोक हबशी महाल म्हणतात आणि मलिक अंबरशी त्याचे नाते जोडतात. हापूसबाग हे नाव आंब्यावरून आले असेल असे आम्हाला वाटे. जाणकार सांगतात की ते हबशी बाग किंवा हाफिज बाग याचे बदललेले रूप असावे. उर्दू शिकवणाऱ्याला अशा शब्दाचा मोह आवरत नाही. आम्ही घुमटाच्या सावलीत बसून वह्या काढल्या आणि मुलांना हबशी, हाफिज, हापूस हे तिन्ही शब्द दोन्ही लिप्यांत लिहायला लावले. शेजारच्या शेतात कांद्याला पाणी देणारे एक आजोबा बांधावर येऊन उभे राहिले. "शाळा भरली का काय इथं?" त्यांनी विचारले. मग पाण्याची कळशी आणून दिली. म्हणाले, "आमचे वडील सांगायचे, हा मोठ्या व्यापाऱ्याचा घुमट हाय. तुमच्याच लोकांचा. पण तुमचं कुनी येत न्हाई हिकडं."

हे वाक्य आम्हाला लागले. माळशेजला धबधब्याखाली फोटो काढायला आपली कुटुंबे गाड्या भरून जातात. उरूस असला की आपण लांबलांब जातो. या घुमटाखाली कोण झोपले आहे, हे विचारायला मात्र कुणी थांबत नाही. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआनात पुन्हा पुन्हा सांगितले आहे. ते पाहणे ताशी ऐंशीच्या वेगात होत नाही. स्पेनमध्येच, सिएरा नेवादा डोंगराच्या पायथ्याला अल्पुहारा नावाचा भाग आहे. ग्रनाडा 1492 मध्ये पडल्यावरही तिथे मुसलमान शेतकरी टिकून होते. 1568 च्या उठावानंतर त्यांना तिथून हलवण्यात आले. माणसे गेली, पण त्यांच्या पद्धतीने पाणी खेळवणारे पाट अजून वाहतात, आणि त्या पाटांना स्पॅनिश माणूस आजही 'असेकिया' म्हणतो. अरबीतला 'साकिया'च तो. तिथले सायकलवाले त्या पाटांच्या कडेने जातात. आपल्या हापूसबागेतून तर माणसेही गेलेली नाहीत. आपण आहोत, चार गल्ल्या सोडून राहतो, तरी जात नाही.

मुलीविषयी थोडे लिहायला हवे, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. ती नववीत गेली तेव्हा नात्यातल्या एक खाला म्हणाल्या, "बेटी आता मोठी झाली, सायकल बास. लोक काय म्हणतील?" त्यांचा हेतू वाईट नव्हता, काळजी होती. आम्ही वाद घातला नाही. पुढच्या रविवारी त्यांनाच म्हटले, तुम्ही रिक्षाने लेण्याद्रीच्या पायथ्याला या, आम्ही सायकलने येतो, डबा एकत्र खाऊ. खाला आल्या. मुलगी स्कार्फ नीट पिन केलेली, सलवारीच्या पायाला रबर लावलेली, घामाने लाल झालेली, खिंड चढून उतरून त्यांच्याआधी पोहोचली होती. खालांनी तिला जवळ घेतले, डोक्यावरून हात फिरवला आणि विचारले, "भूक लागली असेल ना?" सायकलचा विषय त्या दिवशी निघाला नाही. नंतर एकदा निघाला, पण तेव्हा त्या फक्त एवढेच म्हणाल्या की अंधार पडायच्या आत घरी आणा. ते आम्हीही मानतो. घरातला मोठा माणूस मागे असावा, रस्ता ओळखीचा असावा, या अटी मुलालाही लागू आहेत. मुलीला वेगळ्या नाहीत.

अंधाराची भीती इथे खरीच आहे. जुन्नर हा बिबट्यांचा तालुका, ऊस हे त्यांचे घर. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. दोन्ही बाजूंना उभा ऊस असेल तर संध्याकाळी आणि पहाटे झुंजूमुंजूला त्या रस्त्याने जाऊ नये, मुलाला एकटे पुढे-मागे सोडू नये. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसतात. कित्येकींना मागे दिवाही नसतो आणि त्या वळताना रस्ता अडवतात. ट्रॉलीला ओलांडायची घाई करू नये. जवळ एक जादा ट्यूब, पंप आणि पाना असावा. गावोगाव पंक्चर काढणारे असतात, पण ते मोटारसायकलचे, सायकलची बारीक ट्यूब त्यांच्याकडे मिळेलच असे नाही.

अजून लांब जाणाऱ्यांसाठी दोन रस्ते. जुन्नरहून पश्चिमेला, माणिकडोहच्या पाण्याच्या कडेने, चावंड किल्ल्याजवळून घाटघर आणि नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरातला माल याच वाटेने वर येई. जकातीचा दगडी रांजण आणि नागनिका राणीचा लेख तिथे आहे. त्या लेखातले आकडे गणिताच्या शिक्षकांनी मुद्दाम पाहावेत. दुसरा रस्ता दक्षिणेला, मीना नदी ओलांडून आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावला आणि तिथून डिंभे धरणापर्यंत. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते जुने आंबेगाव या धरणाच्या पाण्याखाली गेले. दोन्हीकडे एका दिवसात जाऊन येणे मोठ्यांनाच जमेल. मुलाने विचारले होते, एवढे लांब गेल्यावर नमाज कस्र करायची का? हनफी उलमा प्रवासाचे अंतर सुमारे 77 किलोमीटर धरतात. तेवढे जाईपर्यंत तू बारावीला पोहोचशील, असे आम्ही त्याला सांगितले. जोहर आम्ही कधी शेताच्या बांधावर, कधी जुन्नरच्या मशिदीत, पुरी पढतो. बांधावर जागा मागितली तर नाही म्हणणारा शेतकरी आम्हाला अजून भेटलेला नाही, उलट कुत्रे बांधून ठेवणारे भेटले.

येत्या थंडीत ओतूरहून उत्तरेला, ब्राह्मणवाड्याचा घाट चढून अकोले तालुक्यात उतरायचा विचार आहे. मुलीने कागदावर रस्ता काढून ठेवला आहे आणि खालांना विचारले आहे, कोतुळला रिक्षाने येता का.