चातुर्मासाचा वस्त्रनेम

चातुर्मासात काहीतरी वर्ज्य करावे, ही आमच्या घराण्याची जुनी रीत. कोणी कांदालसूण सोडी, कोणी वांगे सोडी, कोणी ताट टाकून पानावर जेवण्याचा नेम धरी, आणि माझ्या आजेसासूबाईंनी तर एक चातुर्मास मौनभोजनाचे व्रत पाळले होते, असे घरात आजही आदराने सांगतात. इतिहासाच्या अध्यापनात उभे आयुष्य गेल्यामुळे या नेमांच्या फलश्रुतीवर माझी श्रद्धा फारशी उरली नव्हती. परंतु ठरावीक मुदतीपुरते आपल्याच इच्छेने आपल्यावर बंधन घालून घ्यावे, आणि त्या बंधनाच्या आत उभे राहून आपल्या नित्याच्या व्यवहाराची फेरतपासणी करावी, हे त्या रीतीतील शहाणपण मला नेहमीच मोलाचे वाटत आले आहे. म्हणून एका वर्षी आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत मोजक्या साड्यांवर राहावयाचे, कपाटातील बाकीच्या वस्त्रांना हात लावावयाचा नाही, आणि मुदतीत नवे काहीही खरेदी करावयाचे नाही, असा नेम मी धरला.

मुंबईच्या माझ्या भाचीला हे कळवले, तेव्हा तिने मोठ्या उत्साहाने सांगितले की पाश्चात्त्य देशांत ही कल्पना ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ या नावाने कित्येक वर्षे रूढ आहे, आणि न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी १९८५ साली परस्परांशी जुळणाऱ्या सात वस्त्रांचा संच काढून नोकरी करणाऱ्या स्त्रियांची मोठीच सोय केली होती. रंग कोणते घ्यावेत, एकाच पेहरावाने सभा आणि समारंभ दोन्ही कसे साधावेत, याविषयी तिने जे सुचवले त्याचा मला पुढे उपयोगही झाला. तथापि रत्नागिरीत राहणाऱ्या बाईला जो प्रश्न प्रथम पडतो, तो त्या सल्ल्यात कोठेच नव्हता. तो आमच्या आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ओटीवर बसल्या बसल्या एका वाक्यात विचारला. “नेसणार किती ते मागाहून ठरव गं,” त्या म्हणाल्या, “आधी वाळवणार किती ते सांग.”

आईंना हे विचारण्याचा अधिकार होता. त्यांच्या बाळपणी, महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली सरकारने कापड आणि सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला, आणि पुढे कित्येक वर्षे ‘कंट्रोलचे कापड’ हा शब्द घरोघरी धान्याच्या भावासारखा उच्चारला जाऊ लागला. त्यांच्या आईचे एक लुगडे अंगावर, एक दोरीवर आणि सोवळ्याची एक धाबळी, एवढीच काय ती वस्त्रसंपदा. आणि ती धाबळी लोकरीची असे ती काही केवळ पावित्र्याकरिता नव्हे, तर भर पावसात सुती सोवळे वाळत नाही म्हणूनही, असे आईंचे ठाम मत आहे. धर्मशास्त्रात त्याला आधार किती हे मला सांगता येणार नाही, परंतु आषाढातील स्वयंपाकघर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे मत सहज झटकून टाकता येणार नाही.

अखेर जी याद मुक्रर झाली ती अशी: हातमागाच्या दोन गडद सुती साड्या, एक हिरवी इलकल, समारंभासाठी एक महेश्वरी, आणि सर्वांत मुसळधार दिवसांकरिता एक पॉलिएस्टरची जॉर्जेट, त्यांजवर काळा, मरून आणि मोहरी रंगाचा असे कोणत्याही साडीला चालतील असे तीन ब्लाउज, आणि तीन परकर. जॉर्जेटचा समावेश आईंच्या आग्रहाने झाला. माझे मन हातमागाकडे ओढ घेत होते, हे खरे. परंतु रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकारी बाईंनीही आईंचीच बाजू उचलून धरली. प्रमाणित हवेत, म्हणजे २० अंश सेल्सिअस उष्णमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना, कापूस आपल्या शुष्क वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी नुसत्या हवेतून शोषून धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के, असे त्यांनी समजावून सांगितले. आणि ज्या गावी वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक चार महिन्यांतच कोसळून जातो, तेथील हवा ६५ टक्क्यांवर थांबत नाही, हे सांगावयास रसायनशास्त्राचीही गरज नव्हती.

नेम धरताना एक गोष्ट मी आरंभीच ठरवली होती. एरवी माझी साडी दोनतीनदा नेसून मग धुण्यात पडे. पाचच साड्यांवर राहावयाचे, आणि तेही चिखलाचे शिंतोडे पाठीपर्यंत उडण्याच्या ऋतूत, म्हणजे साडी जवळजवळ रोज पाण्यातून काढणे भाग होते. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींवर हा वाढीव भार टाकणे मला न्याय्य वाटेना. नेम माझा आणि कष्ट त्यांचे, अशा व्रताला काय अर्थ? तेव्हा साड्या मी स्वतः धुऊ लागले, आणि या एका निर्णयाने मला जे शिकवले ते साड्यांच्या निवडीने शिकवले नाही.

साडेपाच मीटरांची ओली सुती साडी ही हाताळावयास सोपी वस्तू नाही. ती पिळून दोरीवर दुपदरी टाकली की वरचा पदर सुकतो आणि आतला तसाच ओलसर राहतो, आणि दुसऱ्या दिवशी तिला जो आंबूस वास येतो तो पुन्हा धुतल्यावाचून जात नाही. आईंनी युक्ती सांगितली ती अशी, की साडी प्रथम कोरड्या पंचात गुंडाळून दोघींनी दोन टोकांनी पिळावी, मग माजघरात हातभर अंतराने बांधलेल्या दोन दोऱ्यांवर ती एकपदरी पसरावी, निजण्यापूर्वी एकदा उलटावी, आणि पहाटे जो काही दमटपणा उरला असेल तो इस्त्रीखाली घालवावा. खळ द्यावयाची नाही; पावसाळ्यात खळ चिकट होते आणि कसरीला आमंत्रण मिळते. या पद्धतीने सुती साडीला, पाऊस अखंड असेल तर, दोन रात्री आणि मधला एक दिवस लागे. तेव्हा मला कळून चुकले की माणसाला वस्त्रे किती लागतात याचा निर्णय आवड किंवा ऐपत यांच्या आधी आकाश करते: जितक्या दिवसांत एक वस्त्र सुकते, त्याहून एकदोन अधिक वस्त्रे असली म्हणजे भागते, आणि माझ्या पाचांचा हिशेब त्या मोजमापात नेमका बसत होता.

वर्गात वर्षानुवर्षे शिकवलेली एक गोष्ट त्या दिवसांत मला नव्याने समजली. बौद्ध भिक्षूंना अंतरवासक, उत्तरासंग आणि संघाटी अशा तीनच चीवरांची अनुज्ञा होती, हे आपण अपरिग्रहाचे उदाहरण म्हणून सांगतो. परंतु त्याच विनयग्रंथांत श्रावस्तीच्या विशाखेची कथाही आहे. तिची दासी पावसात विहाराकडे गेली, तेव्हा भिक्षू विवस्त्र होऊन पर्जन्यात स्नान करीत होते. त्यांची तीन चीवरे भिजवून चालण्यासारखे नव्हतेच. मग विशाखेने बुद्धांकडे जे वर मागितले त्यांत संघाला वर्षाकाळी स्नानवस्त्र देण्याची परवानगी हा एक होता, आणि बुद्धांनी तो दिला. वर्षावास संपल्यावर कठिनाच्या विधीत नवे वस्त्र मिळण्याची योजना आहे, तीही या ऋतूचीच जाण दाखवते. एवढ्या कडक संयमाच्या शासनानेही पावसापुरता एक अपवाद जोडला, आणि तो एका गृहिणीने लक्षात आणून दिल्यावर जोडला, याचे महत्त्व मला माजघरातील दोऱ्यांखाली उभी असताना जितके जाणवले तितके ग्रंथालयात कधी जाणवले नव्हते.

टंचाई पडली ती मात्र भलत्याच ठिकाणी. साड्या पुरल्या, ब्लाउज पुरले. पुरले नाहीत ते परकर. परकराचे कापड सुके, पण कमरेचा नेफा, म्हणजे ज्यातून नाडी ओवतात ती दुपदरी पट्टी, दोन दोन दिवस ओलाच राही, आणि ओला नेफा कमरेला दिवसभर टेकला की कातडी लाल होऊन चुरचुरू लागे. वस्त्रांच्या याद्या करणारे जे दिसते त्याची यादी करतात. जे दिसत नाही, आणि ज्याच्या आधारावर दिसणारे उभे राहते, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. श्रावणातल्या एका सायंकाळी आईंनी नाडी ओढून काढून, नेफ्यात लाटणे घालून तो फुगवून ठेवण्याची तोड काढली, आणि तेव्हापासून काहीसा दिलासा मिळाला.

इलकलीशी माझा खरा परिचय त्याच महिन्यात झाला. ती मी पूर्वी वर्षातून फार तर दोनतीनदा नेसत असे. आता दर आठवड्याला नेसू लागले, धुऊ लागले, आणि टाचेपाशी काठ उसवला तेव्हा धावदोरा घालण्यासाठी उजेडात धरून पाहू लागले. तिच्या अंगाचा ताणा सुती, आणि लाल टोपपदराचा ताणा रेशमी. हे दोन वेगळे ताणे विणकर मागावरच फाशांनी एकमेकांत अडकवतो. ती जोडाची रेघ मी उलट्या बाजूने बोटाने चाचपली. सुताचा प्रत्येक फासा रेशमाच्या फाशातून गेलेला, एकही सुटलेला नाही, आणि एवढ्या धुण्यांनंतरही कोठे ढिलाई नाही. झीज होती ती सगळी माझ्या वापराच्या जागी: निऱ्यांच्या खालच्या कडेला, जेथे चप्पल घासते, आणि कमरेला, जेथे निऱ्या खोचतात. आईंनी ती जागा पाहून सांगितले की पूर्वी असे लुगडे विरले म्हणजे मधला जीर्ण भाग कापून, उरलेली धड टोके जोडून त्याला दंड घालीत, आणि दंड घातलेले लुगडे नेसण्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पुढे त्याची गोधडी होई. मला वाटते, वस्त्राची अशी दीर्घ सेवा घेण्याची कला आपल्यातून गेली ती कपाटे भरल्यामुळे. कारण ज्या वस्तूकडे वर्षातून एकदा पाहावयाचे, तिची झीज आपल्याला दिसावी कशी?

भाद्रपदात गौरी-गणपतीचे दिवस आले आणि नात्यागोत्यातल्या सर्व घरी मी तीच महेश्वरी नेसून गेले. एकदोघींनी विचारले, मी नेम सांगितला, आणि चातुर्मास म्हटल्यावर कोणीही पुढे काही बोलले नाही. जुन्या रीतीचे हे एक बळ आहे.

परंतु या काळातले जे बोलणे माझ्या मनात खोल रुतले, ते मावशींचे. एके दिवशी मी दोरीवरची साडी उलटत असताना त्या दारात उभ्या होत्या. “वहिनी,” त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमचा नेम कार्तिकीला सुटेल. आमचा बारमाही आहे.” त्या आवाजात तक्रार नव्हती, जे आहे ते त्यांनी सांगितले. त्या रात्री मला मदुरा येथील ती घटना आठवली, जी मी कित्येक तुकड्यांना शिकवली आहे. १९२१ च्या सप्टेंबरात गांधीजी तमिळ प्रदेशात हिंडत होते; विदेशी कापड टाकून खादी घ्या, असे ते सांगत, आणि लोक उत्तर देत की खादी घेण्याइतकी आमची शक्ती नाही. तेव्हा २२ सप्टेंबर रोजी त्यांनी टोपी आणि बंडी टाकून केवळ पंचा आणि गरजेपुरती चादर एवढ्यावर राहण्याचे ठरवले, आणि आरंभी त्याची मुदत घातली होती ती निदान ३१ ऑक्टोबरपर्यंतची. मुदत सरली तरी तो पोशाख त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. माझ्या नेमाची तुलना त्या निश्चयाशी करण्याचा अविचार मी करणार नाही. पण मुदत असलेले दारिद्र्य हे दारिद्र्य नव्हे, हे त्यांनी ओळखले असले पाहिजे, असे मला मावशींच्या त्या वाक्यानंतर वाटत राहिले. भातलावणीला वाकणाऱ्या बाया इरल्याखाली जे एक लुगडे दिवसभर भिजवतात आणि रात्री चुलीच्या धगीवर धरतात, त्यांना कोणी संयमाचे श्रेय दिलेले मी ऐकलेले नाही.

कार्तिकी एकादशी झाली. दुसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात, मी कपाट रिकामे करून सारे काही अंगणात पसरले. ज्या साड्यांना मी चार महिने हात लावला नव्हता, आणि खरे तर त्याआधीही वर्षानुवर्षे फारसा लावला नव्हता, त्यांतील दोन रेशमी साड्या घडीच्या रेषेवरच सरळ फाटल्या होत्या. जर दुमडीवर मोडली होती, रेशीम विरले होते, आणि एका सुती साडीची खळ कसरीने खाल्ली होती. दर आठवड्याला धुतलेली इलकल मात्र, टाचेपाशी घातलेला धावदोरा सोडल्यास, धड होती. राखून ठेवणे म्हणजे जतन करणे, अशी माझी समजूत त्या अंगणातच मोडली. आता मी घड्या फिरवते, आणि जे नेसणे होत नाही ते योग्य हाती देऊन टाकते.

नेमाचे उद्यापन करताना ज्या वस्तूचा नेम तिचेच दान द्यावे, असा संकेत आहे. नेसलेल्या साड्या मावशींना देणे मला रुचेना. तेव्हा “तुमच्या पसंतीची साडी घेऊ,” असे म्हणून मी त्यांना बाजारात घेऊन गेले. मी हातमागाच्या साड्यांकडे बोट दाखवले. मावशींनी एकीचे टोक अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून चोळले, पोत पाहिला, चांगली आहे म्हणाल्या, आणि घडी जागेवर ठेवून छापील पॉलिएस्टरचा गठ्ठा मागवला. “ही रात्रीत सुकते,” त्या म्हणाल्या, आणि जांभळ्या फुलांची एक बाजूला काढली. दुसरीही घ्या, असा मी आग्रह केला, तेव्हा त्यांनी मान हलवली.

“साडी एक पुरे, वहिनी. त्या पैशांत परकर घ्या दोन. आणि नेफा पातळ बघा.”

दुकानदाराने परकरांचे खोके पुढे केले. आम्ही दोघींनी एकेक परकर उलटा करून नेफ्याची पट्टी तपासली, जाड होते ते परत केले, आणि पातळ नेफ्याचे तीन निवडले: दोन त्यांचे, एक माझा.