सागाचा रंग

आपल्याकडे ‘पॉलिश’ या एका शब्दावर फार भार पडतो. लाकडाला रंग देणं म्हणजे पॉलिश आणि त्यावर चमक आणणं म्हणजेही पॉलिश. दुकानात गेल्यावर मात्र या दोन वेगळ्या डब्यांतल्या गोष्टी निघतात. स्टेन लाकडाच्या रंध्रांत मुरतो, रंग देतो आणि तिथं त्याचं काम संपतं. पाणी, तेल, ओले हात यांना अडवतो तो वरचा थर. मग तो लाखेचं स्पिरिट पॉलिश असो, मेलामाइन असो की पीयू. हे सगळं मला स्वयंपाकघरातल्या कपाटांमुळे कळलं, आणि कपाटांचा विषय निघाला आईच्या डोळ्यांमुळे.

आईला काचबिंदू आहे. नजर कडेनं आक्रसत जाते, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण तपकिरीवरचं काळं आणि काळ्यावरचं तपकिरी वेगळं दिसेनासं होतं, हे त्या माणसाबरोबर एका घरात राहूनच कळतं. आमची कपाटं गडद, जवळजवळ काळपट अक्रोडी. ओटा काळ्या कडप्प्याचा. खिडकी एकच, तीही समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून. अशा खोलीत अर्धवट उघडं राहिलेलं वरचं दार आईच्या लेखी नसायचंच. गेल्या पावसाळ्यात तिच्या कपाळाला तीन टाके पडले.

दादाचं म्हणणं, सगळं काढून पांढरा सनमायका लावू, आठ दिवसांत मोकळे. आईनं एका वाक्यात विषय संपवला : “दारं सागाची आहेत, ती जायची नाहीत.” बाबांनी १९९१ साली वखारीत तीन खेपा घालून हे लाकूड निवडलं होतं. आणि मग तेच लाकूड ओळखू येणार नाही इतकं गडद करून घेतलं होतं! यात बाबांचा विक्षिप्तपणा नव्हता. फिकं लाकूड म्हणजे खोक्याचं लाकूड, नाहीतर शाळेतला बाक, अशीच तेव्हा समजूत. शिवाय गडद रंग सोयीचा. सालीलगतचा पांढरट भाग, दोन वेगळ्या झाडांच्या फळ्या, जोडात भरलेली लांबी, सगळं एका रंगात बुडून जातं. फिक्या फिनिशखाली सुताराचं काम उघडं पडतं. म्हणून ते स्वस्तातलं दिसतं आणि महागात पडतं.

पॉलिशवाल्यानं आल्या आल्या एकच प्रश्न विचारला, “ताई, ठोस आहे की विनिअर?” विनिअर म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यावरचा जुना गडद रंग घासून काढायला गेलं तर रंगाआधी पापुद्राच संपायचा. आमची दारं ठोस होती. त्यानं ती उतरवून गॅलरीत नेली, जुना थर पट्टीनं खरवडला आणि मग ८०, १२०, १८०, २२० असे एकापेक्षा एक बारीक पॉलिशपेपर चालवले. चार दिवस घरभर सागाचा तो चामड्यासारखा वास. आई खुर्ची घेऊन गॅलरीच्या दाराशीच बसलेली.

घासलेला साग मात्र बघायला गेलं तर अगदीच गबाळा. कुठे पिवळट, कुठे हिरवट, मधेच शाई ओतल्यासारख्या रेघा. शेडकार्डावर ‘नॅचरल’ म्हणून जो गोड मधाळ रंग असतो तो कुठेच नाही. पॉलिशवाल्यानं ओलं फडकं फिरवून दाखवलं : पाण्यानं लाकूड जेवढं गडद होतं, साधारण तेवढं ते पारदर्शक थरानंही होणार. कोरड्या लाकडाचा फिकेपणा टिकवायचा असेल तर थरात चिमूटभर पांढरा रंग मिसळावा लागतो. म्हणजे ‘काहीच लावलेलं नाही’ असं दिसण्यासाठी बरंच काही लावायचं. यातला प्रत्येक पर्याय आपल्या परीनं रंगच देतो. जवसाचं तेल पिवळं पडत जातं, थिनरवाला पीयूही कालांतरानं पिवळसर होतो. पाण्यातला पीयू त्यातल्या त्यात निर्मळ राहतो.

एका जुन्या फळीवर आम्ही पाच पट्टे काढले आणि ती स्वयंपाकघरात, संध्याकाळी पाच वाजता, दिवा न लावता उभी केली. दुकानाच्या पांढऱ्या दिव्याखाली रंग निवडण्यात काही अर्थ नसतो. मला आवडलेला पट्टा आईला दिसतच नव्हता. तिनं बोट ठेवलं ते पांढुरका हात दिलेल्या, जरा निर्जीव वाटणाऱ्या पट्ट्यावर. “हा दिसतो,” म्हणाली. मला तो सुंदर वाटला नाही, अजूनही वाटत नाही. पण मासिकांतल्या स्वयंपाकघरांसाठी आपण हे करत नव्हतो.

वरचा थर मॅट घेतला, कारण चकचकीत दारात बल्बचा गोळा उमटतो आणि काचबिंदूवाल्या डोळ्यांना तो टोचतो. हँडल मुद्दाम काळी. दारांच्या आतल्या कडांना मात्र आईच्या हट्टानं बाबांचा जुना गडद रंग दिला. त्यामुळे दार उघडं राहिलं की फिक्या पार्श्वभूमीवर एक काळी उभी रेघ दिसते. ही युक्ती ना मला सुचली ना पॉलिशवाल्याला.

हळदीची भीती सगळ्यांनी घातली होती. फिकं कपाट आणि मराठी घर! फोडणीच्या बाजूच्या दारावर डाग पडले, लगेच पुसले तर बरेचसे गेलेही. उरलेली पिवळी झाक उजेडात हळूहळू फिकी होते. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. लाकूड मात्र उजेडानं उलटं वागतं. सहा महिन्यांत ते हिरवट-पिवळट ठिगळकाम पुष्कळसं जुळून आलंय, सोनेरीकडे झुकलंय. फक्त खिडकीशेजारच्या दारावर आईनं कालनिर्णय टांगलं होतं, त्यामागे एक चौकोन आहे तसाच फिका राहिलाय. मी तो तिला दाखवायला गेले. तिनं हात फिरवून पाहिला, तिला काहीच लागलं नाही, आणि तिनं कालनिर्णय परत तिथंच अडकवलं.