सव्वापाच डॉलरचा दिवा

‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे आपल्या पिढीला बाळकडूबरोबरच पाजले गेले. त्यामुळे अमेरिकेत कितीही वर्षे काढली, तरी मराठी घर ओळखायला दारावरची पाटी वाचावी लागत नाही. सरळ फ्रीज उघडावा. दह्याच्या डब्यात आमटी, लोण्याच्या डब्यात चटणी आणि आइस्क्रीमच्या डब्यात कढीपत्ता! खरे दही कुठे आहे ते फक्त गृहिणीलाच ठाऊक. सिंकपाशी धुऊन वाळत घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, ड्रॉवरभर केचपच्या पुड्या, आणि भारतात जाताना बॅग 50 पौंडांत बसवण्यासाठी बाथरूममधल्या वजनकाट्यावर चाललेली कसरत! मंडळी, हसू नका. यातले निम्मे प्रकार माझ्या घरी आजही चालतात आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

कारण या काटकसरीवरच आपली घरे उभी राहिली आहेत. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, 1971 साली मास्टर्स करायला डेट्रॉइटला आला. परकीय चलनाच्या त्या वेळच्या नियमांप्रमाणे खिशात मोजून 8 डॉलर होते. वडील मिरजेला प्राथमिक शिक्षक आणि मागे आम्ही चार भावंडे. दादा तिघांबरोबर एका खोलीत राहिला, विद्यापीठाच्या मेसमध्ये भांडी घासली, बसचे पैसे वाचवायला बर्फातून चालत गेला. त्या वाचवलेल्या डॉलरांतून वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, मधल्या ताईचे लग्न झाले आणि मी बी.एस्सी. झाले. पुढे लग्न होऊन मी ओहायोत टोलेडोला आले, दादापासून तासाभराच्या अंतरावर. दादाच्या चिकटपणाला कुणी हसले, की माझ्या पोटात तुटते ते यामुळेच.

2 फेब्रुवारी 1977 च्या रात्री अध्यक्ष जिमी कार्टर कार्डिगन घालून टीव्हीवर आले. त्या कडक हिवाळ्यात नैसर्गिक वायूची टंचाई होती. थर्मोस्टॅट दिवसा 65 आणि रात्री 55 अंशांवर ठेवा, असे त्यांनी देशाला सांगितले. दादावहिनींनी नुकतेच घर घेतले होते. दादाने भाषण संपायच्या आत उठून काटा फिरवला! पुढे टंचाई संपली, कार्टर गेले, त्यांच्यामागून कितीतरी अध्यक्ष आले. पण दादाच्या घरी रात्रीचे 55 काही हलले नाहीत. हिशोब तसा चुकीचा नव्हता. थर्मोस्टॅट रोज आठ तास 7 ते 10 अंशांनी खाली ठेवला, तर वर्षाकाठी 10 टक्क्यांपर्यंत बचत होते, असे इथले ऊर्जा खातेच सांगते.

दादा निवृत्त झाला. घराचे कर्ज केव्हाच फिटले होते, मुले आपापल्या जागी सुखात होती, पेन्शन येत होते. आता तरी हात सैल सुटेल असे आम्हांला वाटले. झाले उलटेच! गॅलनमागे 8 सेंट स्वस्त म्हणून तो 15 मैलांवर गॅस भरायला जाऊ लागला. टाकीत 12 गॅलन भरले, तर वाचले 96 सेंट. सरकारी आयकर खात्याचा 2025 चा धंद्यासाठीच्या प्रवासाचा दर मैलाला 70 सेंट होता. गाडीची झीज, विमा सगळे धरून. त्या दराने 30 मैलांच्या फेरीचे झाले 21 डॉलर! आमचा दादा इंजिनिअर आहे, त्याला हे कळत नाही असे कसे म्हणावे?

इथवर सारे विनोदातच जमा होते. पण हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागले, की वहिनी घरात दोन स्वेटर आणि दोन मोजे घालून वावरतात. वयाच्या पंचाहत्तरीत, संधिवात असताना! वृद्धांच्या घरात निदान 68 अंश तरी ऊब असावी, असे अमेरिकेची वार्धक्यविषयक राष्ट्रीय संस्था सांगते. वहिनींचे संक्रांतीचे हळदीकुंकू एके काळी आमच्या भागात प्रसिद्ध होते. पुढे पुढे बायका येत, पण कोट काढत नसत. मग वहिनी फोनवर सांगू लागल्या, “यंदा जरा बरं नाही, पुढच्या वर्षी बघू.” अशी पाच-सहा पुढची वर्षे गेली.

बेडरूममधून बाथरूमकडे जाताना त्यांच्या पॅसेजमध्ये एक पायरी आहे. तिथे रात्रभर एक दिवा असू द्यावा, असे वहिनी म्हणत. दादाचे उत्तर ठरलेले: “इतकी वर्षं याच घरात राहतोय आपण. डोळे मिटून चालता येतं.”

2023 च्या फेब्रुवारीत पहाटे तीन वाजता वहिनी त्या पायरीवर पडल्या. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन, तीन आठवडे रिहॅब आणि नंतर वॉकर.

मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा दादा बाहेरच्या खुर्चीवर बसला होता. जुन्या पाकिटांच्या पाठीवर हिशोब करायची त्याची सवय. तसेच एक पाकीट त्याने माझ्यापुढे धरले. 9 वॅटचा एलईडी दिवा, रोज आठ तास, 365 दिवस. साधारण 26 युनिट. युनिटला 20 सेंट.

“सव्वापाच डॉलर,” तो म्हणाला. “वर्षाचे.”

मी काहीच बोलू शकले नाही. दोन दिवसांनी वहिनी जरा सावरल्यावर त्याने ते पाकीट त्यांनाही दाखवले. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, दिव्याचं राहू द्या. मला थंडी वाजते म्हणून मी चाळीस वर्षं सांगतेय, त्याचा हिशोब करा.”

त्यानंतर मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. 1971 मध्ये वाचवणारा दादा होता, सोसणाराही दादाच होता आणि फायदा झाला आम्हां सगळ्यांचा. त्याला काटकसर म्हणतात. पन्नास वर्षांनी वाचवणारा दादा, सोसणाऱ्या वहिनी आणि फायदा मात्र कुणाचाच नाही! बँकेतला आकडा तेवढा थोडा फुगला. सवय तीच होती, पण तिचे भाडे आता दुसरेच कुणीतरी भरत होते.

आचार्य अत्र्यांनी मोलिअरच्या नाटकावरून ‘कवडीचुंबक’ लिहिले आणि पैशाला चिकटलेल्या माणसाला आपण पोटभर हसलो. पण दादाला पैशाचा लोभ नाही. मंडळाच्या वर्गणीचा चेक त्याचाच पहिला येतो. त्याला आहे ती भीती. खिशात 8 डॉलर असताना बसलेली ती भीती, पुढे खिसा भरला तरी गेली नाही. भ्यालेल्या माणसाला हसून किंवा रागावून उपयोग होत नाही. त्याच्यापुढे आकडे मांडावे लागतात, आणि त्या आकड्यांत घरातल्या दुसऱ्या माणसाचीही एक ओळ लिहावी लागते.

आपल्या मंडळात आता सत्तरी ओलांडलेली घरे बरीच आहेत. कुणाकडे गेलात, तर घरच्या बाईला जरा बाजूला घेऊन एवढेच विचारा: “घरात थंडी वाजते का हो?” उत्तर यायला वेळ लागला, तर काय ते समजा.

दादा प्लास्टिकच्या पिशव्या अजून धुतो. गॅस मात्र कोपऱ्यावरच भरतो आणि घरात दिवसरात्र 70 अंश असतात. 2024 च्या संक्रांतीला वहिनींचे हळदीकुंकू पुन्हा झाले. आतल्या पलंगावर बायकांच्या कोटांचा ढीग पडला होता. वॉकरला धरून उभ्या राहिलेल्या वहिनींनी प्रत्येकीला वाण म्हणून रात्रीचा एकेक छोटा दिवा दिला. ते दिवे दादाने स्वतः जाऊन आणले होते. घाऊक भावात, वर दोन कूपने लावून!