पंख्याची मान

होळी झाली की विदर्भातल्या घरांत माळ्यावरचे पंखे खाली उतरतात. हिवाळाभर जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला पंखा अंगणात आणावा, जाळीवरची धूळ ओल्या फडक्याने टिपावी, पात्यांच्या पाठीवर साचलेली काळी पुटे पुसून काढावी आणि मग त्याला माजघरात त्याच्या नेहमीच्या जागी बसवावे, हा तिकडे जणू एक लहानसा सणच असतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कवेलूंच्या घरात असाच एक टेबलपंखा होता. छप्पर ठेंगणे आणि त्याचे लाकूड जुने, म्हणून छताला पंखा टांगण्याची सोय नव्हती. कूलर आणावा, तर त्याला पाजायला पाणी कोठून आणायचे? वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागे. त्यामुळे माजघरात ओळीने निजणाऱ्या पाच माणसांचा सारा भार त्या एका पंख्यावर पडे. एका टोकाला आजी, मग आई, मध्ये ताई, तिच्या पलीकडे बाबा आणि दुसऱ्या टोकाला धाकटा.

पाचांना एक पंखा पुरवण्याची युक्ती त्याच्या मानेत होती. पाती जिथल्या तिथे गरगरत. पण पंख्याचे डोके मात्र सावकाश डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे वळे. पंगतीत वाढणारा मनुष्य जसा प्रत्येकाच्या पानाशी क्षणभर वाकून पुढे सरकतो, तसा तो पंखा एकेकाकडे पाहून पुढे जाई.

पण पंगत म्हटली की वाढप्यावर पक्षपाताचा आरोप यायचाच. एके रात्री धाकट्याने तो केला. "ताईकडे तो जाताना एकदा वळतो आणि येताना पुन्हा वळतो. तिला दोनदा वारा मिळतो, मला एकदाच!" हिशेब वरवर बिनतोड होता. ताई सातवीत होती आणि हिशेबाला घाबरणारी नव्हती. ती उठून बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत मोजू लागली. पंख्याची एक पूर्ण खेप सुमारे बारा सेकंदांत होत होती. मधल्या जागेवरून तो दोनदा जाई हे खरे, पण तिथे त्याचा वेग सर्वांत जास्त असे. एका वेळी जेमतेम एक सेकंद वारा लागे. टोकाशी गेल्यावर मात्र तो मंद होई, थबके, आणि मग माघारी वळे. तिथे वारा एकदाच येई, पण जवळजवळ तीन सेकंद टिके. "म्हणजे तुला आणि आजीला जास्त, आम्हाला कमी," ताईने निकाल दिला. झोपाळाही असाच टोकाला थांबल्यासारखा होतो आणि मध्ये सुसाट जातो. धाकट्याला हिशेब पटला. पण उकाडा काही हिशेबाने कमी होत नाही.

पंखा हवा थंड करतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. बंद खोलीत पंखा रात्रभर चालला तरी तापमापकाचा पारा त्यामुळे उतरत नाही. उलट मोटरीच्या उष्णतेने तो किंचित चढेल. पंखा करतो ते एवढेच, की अंगालगतची दमट हवा हटवतो आणि घाम लवकर सुकवतो. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणूनच भर दुपारी हवा अंगाहूनही अधिक तापलेली असली, म्हणजे पंख्याचा वारा झळेसारखा लागतो. पारा ४० अंशांच्या पुढे गेल्यावर पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजीने ती संघटना कधी ऐकली नव्हती. पण दुपारी ती पंखा बंद करी, खिडकीला ओली चादर बांधी आणि मुलांना माठातले पाणी पाजी.

विजेचा पंखा येण्यापूर्वी वाऱ्यासाठी माणूसच राबत असे. ताडाचा किंवा वाळ्याचा पंखा हातात घ्यावा आणि मनगट दुखेपर्यंत हलवावा, ही झाली घरची रीत. इंग्रजी अमदानीत साहेबांच्या बंगल्यांत आणि कचेऱ्यांत छताला कापडाची लांब झालर टांगलेली असे. तिची दोरी भिंतीपलीकडे जाई आणि तिथे बसलेला पंखेवाला ती तासन्‌तास ओढी. वारा आत साहेबाला मिळे. घाम बाहेर पंखेवाल्याचा निघे. अमेरिकेत १८८०च्या दशकात विजेवर चालणारे पंखे तयार झाले आणि पुढे त्या दोरीची गरज उरली नाही. पण पहिले टेबलपंखे एकाच दिशेला तोंड करून बसत. त्यांनी मान वळवावी म्हणून कारागिरांनी नाना युक्त्या केल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी काही पंख्यांच्या पुढे एक लहानसे पान बसवलेले असे. पंख्याचाच वारा त्या पानावर आदळे आणि त्या धक्क्याने डोके एका बाजूला सरके. टोकाला गेले की पान उलटे आणि डोके माघारी फिरे. युक्ती गमतीची खरी. पण ज्याचा त्यालाच वारा खायला लावणारी! पुढे दातेरी चाकांची रचना आली आणि तीच टिकली.

त्या रचनेशी धाकट्याची ओळख झाली, ती मात्र अपराधाच्या वाटेने झाली.

मे महिन्यातली ती रात्र होती. सारे निजले होते. धाकट्याला काही केल्या झोप येईना. पंखा त्याच्याकडे येई, तीन सेकंद थबके आणि निर्दयपणे निघून जाई. शेवटी तो उठला आणि त्याने पंख्याची जाळी मागून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. आतून 'टक्, टक्, टक्' असा आवाज येऊ लागला. त्याने हात आणखी आवळले. मग 'कर्र्' असे काहीतरी वाजले आणि पंखा मुकाट्याने त्याच्याकडे पाहत राहिला. मागच्या बाजूची खुंटी वर ओढली असती, तर मान आपोआप थांबली असती. पण तसे केले असते तर ते सर्वांना दिसले असते.

धाकटा आनंदाने आडवा झाला. वारा आता त्याचाच होता. थोड्या वेळाने पलीकडच्या टोकाकडून 'सर्र, सर्र' असा आवाज येऊ लागला. आजी जागी झाली होती आणि अंधारात ताडाचा पंखा हलवीत होती. आवाज मंद होई, थांबे. डोळा लागला असावा. पुन्हा उकाड्याने जाग येई आणि पुन्हा 'सर्र, सर्र' सुरू होई. ती कोणाला काही बोलली नाही. धाकट्याने कूस बदलली, कानावर उशी घेतली, तरी तो आवाज ऐकू येतच राहिला. अखेर तो उठला आणि त्याने पंख्याचे डोके आजीकडे वळवले. मान आता सैल झाली होती. वळवावी तिकडे वळे आणि तिथेच राही. पण मग मध्ये ताई चुळबुळू लागली. तो पंख्याजवळ बसून राहिला आणि हाताने डोके फिरवू लागला: आजी, आई, ताई, बाबा, पुन्हा बाबा, ताई, आई, आजी. पहाटे बाबांना जाग आली, तेव्हा तो भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपला होता आणि त्याचा एक हात पंख्याच्या बैठकीवर होता. चहाच्या वेळी त्याने सारे सांगून टाकले. बाबा रागावले नाहीत, असे नाही. पण आजी म्हणाली, "रात्रभर पंखा ओढलान् पोराने. आता आणखी काय शिक्षा करतोस?"

बाजारातल्या मिस्त्रींनी पंखा पालथा घातला. आधी खुंटीचा स्क्रू काढला, मग मोटरीच्या पाठीवरचे झाकण उचलले. आत एक लहानशी डबी होती आणि तीत वाळून काळेठिक्कर झालेले ग्रीस. ते त्यांनी रॉकेलच्या चिंधीने पुसले.

"इकडे ये, बेटा. हे पाहा," ते म्हणाले. मोटरीच्या दांड्याच्या पुढच्या टोकाला पाती असतात, हे धाकट्याला ठाऊक होते. पण त्याच दांड्याच्या मागच्या टोकावर स्क्रूसारखे आटे पाडलेले होते. त्या मळसूत्राला एक दातेरी चाक लागून होते. दांड्याचा एक फेरा झाला की ते चाक फक्त एक दात पुढे सरके. मिस्त्रींनी दात मोजायला सांगितले. ते चाळीस भरले, त्यांतले तीन झिजून सपाट झालेले. या चाकाच्या आसावर आठ दातांचे एक चिमुकले चाक होते आणि ते अठ्ठेचाळीस दातांच्या दुसऱ्या चाकाला फिरवी. ताई बरोबर आली होती. तिने तिथेच तोंडी हिशेब केला. पाती मिनिटाला १२०० फेरे घेत असली, तर पहिले चाक ३० फेरे घेणार, आणि शेवटचे चाक, तिसाचा सहावा भाग, म्हणजे ५. मिनिटाला पाच फेरे म्हणजे एका फेऱ्याला बारा सेकंद! घड्याळाकडे पाहून मोजलेला आकडा त्या काळ्या डबीत सापडला, याचा तिला झालेला आनंद वर्गात पहिला नंबर आल्याच्या आनंदाहून कमी नव्हता.

पण अजून एक कोडे उरत होते. ही सारी चाके गोल फिरतात; मग मान पुढे-मागे का होते? मिस्त्रींनी पंख्याच्या गळ्याखाली बोट ठेवले. शेवटच्या चाकाचा आस डबीतून खाली उतरला होता आणि त्याच्या टोकाला एक आखूड भुजा होती. त्या भुजेला एक लोखंडी पट्टी जोडलेली होती. पट्टीचे दुसरे टोक पंख्याच्या डोक्याला नव्हे, तर खालच्या स्थिर खांबाला खिळलेले होते. सारी मेख इथेच आहे. नावाडी बांबू नदीच्या तळाला टेकवून रेटा देतो. तळ हलत नाही, म्हणून नाव हलते. पंख्याची भुजा तसाच त्या पट्टीतून खांबाला रेटा देते. खांब हलत नाही, म्हणून डोके एका बाजूला सरकते. भुजेचा अर्धा फेरा झाला की तीच पट्टी डोक्याला मागे ओढून आणते. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन केला, तर तो त्रिकोणासारखा ताठ राहत नाही, डुलतो. पंख्याच्या गळ्यात असाच चार बाजूंचा डुलता चौकोन दडलेला असतो: एक बाजू खांबाची, दुसरी डोक्याची, तिसरी ती आखूड भुजा आणि चौथी ती पट्टी. शिंप्याच्या यंत्रात पाय खाली-वर होतो आणि चाक गोल फिरते. इथे चाक गोल फिरते आणि मान पुढे-मागे होते. एकच युक्ती, उलटी वापरलेली.

"आणि तो टक्टक् आवाज?" धाकट्याने हळूच विचारले.

मिस्त्री हसले. खुंटी खाली दाबली, की तिच्याजवळच्या बारीक पोलादी गोळ्या चाकाच्या खाचांत बसतात आणि चाक आपल्या आसाला जखडले जाते. मान कशाला अडली, तर या गोळ्या खाचेतून निसटतात, म्हणजे चाके मोडत नाहीत. तेच ते 'टक्, टक्'. ती पंख्याची विनवणी असते. पण गोळ्यांनी तरी किती वेळ निसटावे? ग्रीस वाळलेले, हात आवळलेले. मग दात जायचेच. शिवाय मळसूत्राची एक खोड आहे. ते चाकाला फिरवते, पण चाकाने त्याला फिरवू म्हटले तर ते फिरत नाही. म्हणून खुंटी दाबलेली असताना मान हाताने पिळली, तर ती सारी शक्ती बिचाऱ्या दातांवर पडते.

जुन्या पंख्यांत हे चाक पुष्कळदा पितळेचे असे. आता ते बहुधा प्लॅस्टिकचे असते. त्यावरून नव्या कारखान्यांना नावे ठेवण्याची सर्वांना सवय आहे. पण ती पूर्ण न्याय्य नाही. प्लॅस्टिकचे चाक आवाज कमी करते, आणि मोडायचेच झाले तर थोड्या पैशांचे चाक मोडून महागडी मोटर वाचते. नावे ठेवायचीच, तर जिथे ते लहानसे चाक सुटे मिळत नाही आणि त्यापायी सबंध पंखा भंगारात जातो, त्या व्यवहाराला ठेवावीत. कित्येक नव्या पंख्यांत तर मान वळवायला एक निराळी छोटी मोटरच बसवतात. तिथे दांड्यावरचे मळसूत्र नसतेच.

मिस्त्रींच्या खणात सुदैवाने त्या मापाचे चाक होते. त्यांनी ते बसवले, नवे ग्रीस भरले आणि खुंटी दाबली. पंख्याने क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि मान वळवली.

त्या रात्री आजीने ताडाचा पंखा उशाशी ठेवलाच होता. धाकटा डोळे मिटून पडला होता, पण झोपला नव्हता. पंखा त्याच्याकडे आला, थबकला, निघून गेला. तो मनात आकडे मोजू लागला. सहावर आला, तेव्हा पलीकडच्या टोकाला आजीच्या पदराचा काठ हलला, आणि 'सर्र, सर्र' काही ऐकू आले नाही.