डोकं म्हणजे काही बॅट नव्हे!

फुटबॉल आवडतो ना तुम्हाला? आवडायलाच हवा! एक चेंडू आणि एक मोकळं मैदान, एवढ्यावर पंधरा-वीस पोरं तासन्‌तास रमतात. १५ सप्टेंबर २०१७ रोजी तर आपल्या महाराष्ट्रात शाळाशाळांतली लाखो मुलं एकाच दिवशी फुटबॉल खेळली होती.

माझं गाव शेंदूरजनाघाट. सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यात. चहूकडे संत्र्याच्या बागा. लहानपणी आम्ही मुरमाड पटांगणावर खेळायचो. उंच आलेला चेंडू जो डोक्यानं परतवेल तोच खरा बहाद्दर, असा आमचा कायदा! कुणी बिचकला की लगेच आरडाओरडा, "कायले भेतं बे? मार ना डोक्श्यानं!" मी बचावाला असायचो, म्हणून हे काम बहुधा माझ्याच वाट्याला यायचं. कधीकधी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण टेंगूळ नाही, रक्त नाही. म्हणजे काही लागलंच नाही, असं सगळे धरून चालायचे.

आता गंमत पाहा. झाडावरून खाली आपटलेलं संत्रं आमच्याकडे चांगल्या फळांच्या पेटीत भरत नाहीत. वरून ते छान दिसतं. पण साल सैल, आतल्या फोडी हादरलेल्या. चार-आठ दिवसांत ते आतून नासायला लागतं. आपला मेंदूही कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोक्याला हिसका बसला की तो आतल्या आत हलतो, आणि बाहेर काहीच दिसत नाही. मोठ्यांचा फुटबॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. म्हणजे तीन चांगली संत्री एकदम कपाळावर!

जेफ ॲसल हा इंग्लंडचा खेळाडू डोक्यानं गोल मारण्यात पटाईत होता. २००२ साली, अवघ्या ५९ व्या वर्षी तो वारला. शेवटच्या काळात आपण फुटबॉल खेळत होतो हेसुद्धा त्याला आठवत नव्हतं. वारंवार डोक्यानं चेंडू मारल्यामुळे त्याच्या मेंदूला इजा झाली, असा निर्णय चौकशीत दिला गेला.

पुढे २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची माहिती तपासली. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण येण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीन पट निघालं. नंतर असंही दिसलं, की सर्वांत जास्त धोका बचावपटूंना होता. क्वचितच डोक्यानं चेंडू मारणाऱ्या गोलरक्षकांना मात्र फारसा नव्हता. पण दुसरी बाजूही ऐका. हृदयविकारानं मरण येण्याचं प्रमाण या खेळाडूंत इतरांपेक्षा कमी होतं. म्हणजे धावणं गुणकारीच!

गुडघ्यांचंही तसंच. पाय जमिनीत रोवलेला आणि अंग गर्रकन फिरलं, की गुडघ्यातला अस्थिबंध तुटू शकतो. अशा गुडघ्याची झीज पुढे लवकर सुरू होते. माझा डावा गुडघा एकदा असाच मुरगळला होता. आजही जिना चढताना तो कटकट वाजतो.

मग खेळ सोडायचा का? छे, मुळीच नाही! फक्त काही गोष्टी पाळायच्या. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्यानं चेंडू मारायची बंदीच केली. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात ते शिकवत नाहीत. तुम्हीही लहान असाल तर चेंडू पायाशीच खेळवा. त्यात कौशल्य जास्त लागतं! खेळण्यापूर्वी दहा मिनिटं अंग मोकळं करा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. डोक्याला मार बसल्यावर चक्कर आली, डोकं ठणकलं, अंधूक दिसलं, उलटी झाली किंवा गोंधळल्यासारखं वाटलं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही. घरी सांगायचं, डॉक्टरांकडे जायचं. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर तो जिवावरही बेतू शकतो. हात मोडला तर प्लॅस्टर घालता येतं. मेंदूला नाही घालता येत.

पुष्कळदा मुलं लपवतात, कारण सवंगडी हसतील अशी भीती असते. म्हणून तुम्ही हसू नका. मित्र डोकं धरून खाली बसला, तर त्याला हाताला धरून बाहेर आणा आणि मोठ्यांना हाक मारा. सामना काय, उद्याही खेळता येईल!